रोमला ग्रुप घेऊन येणाऱ्या मराठी टूर मॅनेजर मंडळींना खुलं पत्र: त्या छत्रीच्या झाडांसाठी दहा मिनिटं द्या

प्रति,
महाराष्ट्रातून युरोप टूर घेऊन रोमला येणारे सगळे टूर मॅनेजर, आणि त्यांच्या ग्रुपमधून येणारी सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची पुण्याची, बॉटनी शिकलेली, आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली बारा वर्षं रोममध्ये राहतेय. मागच्या सप्टेंबरमध्ये माझी मावशी एका ग्रुपबरोबर इकडे आली होती, तिला भेटायला मी चिर्को मास्सिमोपाशी जाऊन उभी राहिले. म्हणजे ते जुनं रथांच्या शर्यतीचं मैदान, तिथून समोर पॅलाटाईन टेकडी दिसते आणि टेकडीवर ती उंच, सपाट डोक्याची हिरवी झाडं. बस थांबली, सगळे उतरले, फोटो सुरू झाले आणि नाशिकचे एक काका टूर मॅनेजरला म्हणाले, "ही झाडं अशी छत्रीसारखी कापतात का हो?" त्यावर उत्तर आलं, "हो हो, इकडची म्युन्सिपालिटी कटिंग करते." बाजूच्या एक काकू म्हणाल्या, "अहो हे सुरूच आहे, आमच्या दिवेआगरला समुद्रावर भरपूर आहे." मग सगळे परत बसमध्ये, पुढे कोलोसियम.

मी तेव्हा काही बोलले नाही आणि तेच मनात राहिलं. काकांचा प्रश्न एक नंबर होता. रोममध्ये तीन दिवस फिरणारा माणूस कोलोसियम एकदा बघतो, व्हॅटिकन एकदा बघतो, पण हे झाड दर दहा मिनिटांनी बघतो. तुमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये रोमच्या फोटोत मागे कुठेतरी ते असतंच. आणि त्याच्याबद्दल आपण त्यांना एक वाक्य सांगत नाही, आणि सांगतो तेव्हा चुकीचं सांगतो. म्हणून हे पत्र. दोष काढायचा नाहीये, तुम्हा लोकांना किती व्याप असतो ते मी बघितलंय, जैन जेवणापासून हरवलेल्या पासपोर्टपर्यंत. पण ही झाडं आता जातायत, खरोखर मरतायत, आणि अजून काही वर्षांनी येणाऱ्या ग्रुपला हे दृश्य असंच दिसेल याची मला खात्री वाटत नाही.

आधी काकांचं उत्तर. हा पाईन आहे, इंग्रजीत स्टोन पाईन किंवा अम्ब्रेला पाईन, शास्त्रीय नाव पायनस पिनिया, स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिलेलं. इटालियन लोक त्याला पिनो दोमेस्तिको म्हणतात, म्हणजे घरचा पाईन, माणसाळलेला पाईन म्हणा. छत्री कापून केलेली नसते. लहानपणी हे झाड गोल झुडपासारखं असतं, आणि पहिली काही वर्षं त्याला निळसर रंगाची एकेकटी पानं येतात, मोठ्या झाडाची हिरवी सुयांची जोडी नंतर येते, त्यामुळे लहान रोप आणि मोठं झाड शेजारी ठेवलं तर एकाच जातीचं आहे यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. पुढे वय वाढलं की मधला शेंडा सरळ वर धावणं सोडतो, बाजूच्या फांद्या वर जाऊन पसरतात, खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही म्हणून त्या वाळून गळतात आणि वर उरते ती छत्री. रस्त्याकडेच्या झाडांच्या खालच्या फांद्या पालिका काढते हे खरं, पण आकार झाडाचा स्वतःचा आहे.

आणि सुरू नाही. काकूंची चूक होण्यासारखीच आहे, कारण सुरूलाही सुयांसारखं काहीतरी असतं आणि छोटी बोंडं येतात, पण सुरू हे फुलझाडांच्या वर्गातलं, त्या सुया म्हणजे बारीक हिरव्या काड्या आणि खरी पानं त्यांच्या पेरांवर अगदी बारीक खवल्यांसारखी असतात. एक साम्य मात्र मला फार आवडतं. आपल्याकडे समुद्राचा वारा आणि वाळू अडवायला सुरूची बनं लावली तशी इटलीच्या किनाऱ्यावर या पाईनची बनं लावली, त्याला इकडे पिनेता म्हणतात. रोमजवळ ओस्तियाला, कास्तेल फुसानोला गेलात तर कोकणातून आलेल्या माणसाला तो वास सोडून बाकी सगळं ओळखीचं वाटेल, वाळूत पाय, वर सावली आणि पलीकडे समुद्राचा आवाज. ओळखायची खूण एकच सांगा ग्रुपला, खाली पडलेली सुई उचला, बुडाशी दोन सुया जोडलेल्या असतात. हिमालयातल्या आपल्या चीडला तीन असतात, चिलगोज्यालाही तीन.

चिलगोजा म्हटलं की सगळ्यांचे कान टवकारतात, मी अनुभवाने सांगते. कारण गोष्ट खाण्याची आहे. आपल्या ड्रायफ्रूटच्या दुकानात जो चिलगोजा मिळतो तो हिमाचलमधल्या किन्नौरकडे होणाऱ्या पाईनच्या बिया, आणि रोमच्या या झाडाच्या बिया म्हणजे पिनोली, त्याच कुळातला भाऊ. तुमच्या लोकांनी हॉटेलात जो हिरवा पेस्टो पास्ता खाल्लेला असतो त्याच्या मूळ कृतीत हेच पिनोली. फक्त आता ते काजूपेक्षा कितीतरी महाग झालेत, म्हणून स्वस्त पाकिटात बऱ्याचदा पूर्व आशियातल्या दुसऱ्या पाईनचे बुटके, तिकोनी दाणे असतात. इकडचा खरा दाणा लांबट, सडपातळ.

महाग का, तर या झाडाचा कोन, म्हणजे इटालियनमध्ये पिन्या, पिकायला तीन वर्षं घेतो. बहुतेक पाईन दोन वर्षांत उरकतात, हा तीन. म्हणजे आज झाडावर जी पिकलेली पिन्या दिसते तिचं परागण तीन वसंतांपूर्वी झालेलं असतं, जेव्हा एप्रिल-मेमध्ये रोमच्या सगळ्या गाड्यांवर पिवळी पूड बसते ना, ते हेच. आणि बी इतकं जड, कवच इतकं टणक, की वाऱ्यावर उडायला लागणारा पंख नावापुरताच उरलाय, हात लावला की गळून पडतो. मग ही झाडं पसरली कशी? काही पक्ष्यांनी आणि उंदीर-खारींनी, पण मुख्य म्हणजे माणसांनी. स्पेनमधल्या नेर्हाच्या गुहेत अश्मयुगातल्या माणसांनी खाल्लेल्या पिनोलीचे अवशेष सापडलेत. लोक हे बी खात गेले, सोबत नेत गेले, लावत गेले, आणि पोर्तुगालपासून तुर्कस्तान-लेबनॉनपर्यंत हे झाड पोचलं. इतकं की शास्त्रज्ञांनी याची जनुकं तपासली तर वेगवेगळ्या देशांतली झाडं जवळपास एकसारखी निघाली, एवढ्या मोठ्या प्रदेशात पसरलेल्या झाडात इतकं कमी वैविध्य क्वचितच दिसतं. घरचा पाईन हे नाव उगीच नाही पडलं. पण त्यात एक धोकाही आहे, एकाला जे लागतं ते सगळ्यांना लागतं, त्यावर पुढे येते.

आता इतिहास, आणि इथे माझी तुम्हाला पहिली विनंती आहे, ज्यासाठी तुमचा एक मिनिटही जास्तीचा जाणार नाही. व्हॅटिकन म्युझियममध्ये प्रत्येक ग्रुप एका मोठ्या मोकळ्या अंगणात थांबतो, कारण सिस्टिन चॅपेलच्या आत बोलायला बंदी आहे, म्हणून तिथले छताचे फोटो लावलेले बोर्ड दाखवून गाईड मायकेलअँजेलो समजावून सांगतो. त्या अंगणाचं नाव कोर्तिले देल्ला पिन्या, पिन्याचं अंगण. आणि सगळा ग्रुप बोर्डाकडे तोंड करून उभा राहतो तेव्हा बऱ्याचदा पाठ असते त्या पिन्याकडे! जवळपास चार मीटर उंच, ब्राँझची, रोमन काळात ओतलेली. मुळात ती पँथिऑनच्या जवळपास होती, तिथल्या वस्तीचं नाव आजही पिन्या आहे. मग मध्ययुगात ती जुन्या सेंट पीटर चर्चच्या पुढच्या अंगणात आली, तिथे तिच्यातून पाणी वाहायचं आणि लांबून चालत आलेले यात्रेकरू तिथे हातपाय धुवायचे, आपल्याकडे देवळाबाहेर दगडी कुंड असतं तसं समजा. जुनं चर्च पाडून नवं बांधताना १६०८ मध्ये ती आताच्या जागी आणली. तेव्हा बोर्ड बघून झाले की फक्त एवढं म्हणा, आता मागे वळा, ही त्याच झाडाची पिन्या आहे जे तुम्ही सकाळपासून बघताय. एवढ्याने लोकांच्या डोक्यात दोन गोष्टी जोडल्या जातात, मी स्वतः करून बघितलंय.

रोमन लोकांना या झाडात देव दिसायचा. सिबेली नावाची देवी, तिचा काळा दगड इसवी सनापूर्वी २०४ मध्ये आशिया मायनरमधून रोमला आणला, तिचं देऊळ त्याच पॅलाटाईन टेकडीवर, जिथे काकांनी बोट दाखवलं होतं. तिचा लाडका अॅटिस पाईनखाली मेला अशी कथा, म्हणून दरवर्षी २२ मार्चला एक पाईन तोडून, लोकरीच्या पट्ट्या गुंडाळून, जांभळी व्हायोलेटची फुलं लावून मिरवणुकीने देवळात न्यायचे. झाड उचलणाऱ्यांचा वेगळा मानाचा गट होता. पालखीला खांदा द्यायचा मान ज्या घरांकडे असतो त्यांना हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही. देवापुढे पिन्या जाळायचे, पॉम्पेईत तसल्या जळलेल्या पिन्या आणि बिया सापडल्यात, आणि पार उत्तरेला ब्रिटनमध्ये, जिथे हे झाड होतच नव्हतं, तिथल्या रोमन छावणीच्या देवळातसुद्धा या पिन्या मिळाल्यात. म्हणजे सैनिक त्या एवढ्या लांब घेऊन गेले किंवा मागवल्या.

आणि पॉम्पेईला जे ग्रुप जातात त्यांच्यासाठी तर ही गोष्ट सांगायलाच हवी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा खाडीच्या पलीकडे मिसेनमला एक १७ वर्षांचा मुलगा आपल्या मामाच्या घरी होता, धाकटा प्लिनी. मामा, म्हणजे थोरला प्लिनी, जहाज घेऊन लोकांना वाचवायला गेला आणि परत आला नाही. हा मुलगा वाचला आणि पुढे कित्येक वर्षांनी त्याने इतिहासकार टॅसिटसला पत्र लिहून सगळं सांगितलं. त्यात तो म्हणतो की डोंगरावर जो ढग उठला तो दिसायला पाईनच्या झाडासारखा होता, उंच खोडासारखा वर गेला आणि मग वर फांद्या फुटल्यासारखा पसरला. आपल्या मनात पाईन म्हणजे ख्रिसमसच्या झाडासारखा त्रिकोण असतो, म्हणून हे वाक्य वाचून काही अर्थबोध होत नाही. पण व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी उभं राहून एखादी छत्री दाखवलीत की लोक एकदम गप्प होतात.

नंतर सतराव्या शतकात कार्डिनल लोकांनी मोठमोठे बाग-बंगले बांधले, विला बोर्गेसे, विला दोरिया पांफिली, तिथे या पाईनच्या राया लावल्या. विला बोर्गेसे १९०१ मध्ये सरकारने विकत घेतला आणि १९०३ मध्ये शहराला दिला, म्हणून आज तुमचे ग्रुप फुकटात आत जातात. पण शहरभर रस्त्याकडेला जी झाडं दिसतात ती एवढी जुनी नाहीत, हे बहुतेकांना माहीत नसतं. लोकांना वाटतं ज्युलियस सीझर यांच्या खालून गेला. तसं नाही. कोलोसियमपासून जो सरळ रुंद रस्ता जातो, आताचा वीया देई फोरी इंपेरियाली, तो मुसोलिनीने वस्ती पाडून १९३२ मध्ये खुला केला, आणि प्राचीन रोमचा देखावा उभा करायला त्याच्या कडेने पाईन लावले. त्याच सुमारास राफाएले दे विको नावाच्या माणसाने शहरातल्या कितीतरी बागा आखल्या, आव्हेंतीन टेकडीवरची संत्र्यांची बाग, जिथून सेंट पीटरच्या घुमटाचा फोटो काढायला तुम्ही थांबता, ती त्याचीच, १९३२ ची, आणि तिथेही वर हे पाईन आहेतच. म्हणजे रोमचं जे रूप आपल्याला दोन हजार वर्षांचं वाटतं त्यातला बराच भाग माझ्या आजीच्या वयाचा आहे. झाड जुनं, सवय जुनी, पण ही रांग नवी. आणि एकाच दशकात लावलेली म्हणून आता सगळी एकदमच म्हातारी होतायत. हे झाड वडासारखं शेकडो वर्षं नाही टिकत, दीडशे वर्षं म्हणजे खूप झालं, आणि डांबराच्या रस्त्यात तर त्याहून कमी.

मुळांचं सांगते, कारण रोममध्ये बस ज्या रस्त्यांवरून उडत जाते त्याचं कारण तेच आहे. या झाडाला मुळं पसरायला मोकळी, भुसभुशीत जमीन लागते. रस्त्याखाली दाबून ठोकलेली माती, हवा नाही, पाणी नाही, मग मुळं वरच्या थरात येतात आणि डांबर उचकटून टाकतात. मग स्कूटरवाले पडतात, लोक वैतागतात, पालिका खोदून मुळं कापते, आणि मुळं कापलेलं वीस मीटरचं झाड पुढच्या वादळात आडवं होतं. मग पेपरात बातमी, धोकादायक पाईन. लंडनच्या क्यू गार्डनमध्ये एक स्टोन पाईन आहे, १८४६ च्या सुमाराचा, लहानपणी कुंडीत जास्त वर्षं अडकून राहिला म्हणून आजही त्याचं खोड बुडापासून वाकडंतिकडं फुटलंय. या झाडाची मुळं कोंडली की ते आयुष्यभर दाखवतं. माझं स्वतःचं मत असं की चिंचोळ्या फुटपाथवर हे झाड परत लावूच नये, पण बागेत, रुंद रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यात, वीया आप्पिया या प्राचीन रोमन रस्त्यावर लावलंच पाहिजे, आणि आत्ताच, कारण आज लावलेल्याची छत्री व्हायला पन्नास वर्षं जातात.

आता मूळ मुद्दा. माझं घर क्रिस्तोफोरो कोलोंबो रस्त्याच्या बाजूला आहे, दोन्हीकडे पाईन. काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात खालच्या बाकावर बसले तर ड्रेस चिकटला. बाक चिकट, गाड्यांच्या काचा चिकट, खालची फरशी काळी. मला वाटलं कोणी सरबत सांडलं. मग एक गळलेली डहाळी उचलून भिंगाखाली बघितली. सुयांवर काजळी धरल्यासारखा काळा थर, आणि काडीवर ओळीने बसलेले तांबूस-तपकिरी बारीक उंचवटे, तीन-चार मिलिमीटरचे, पाठीवर गडद पट्टे, हुबेहूब छोटी कासवं. नखाने एक खरवडलं तर खाली ओलसर, आणि काडीवर बारीकसा डाग. ही कीड, तूमेयेल्ला पार्विकॉर्निस, इंग्रजीत पाईन टॉर्टॉइस स्केल. आपल्याकडे आंब्यावर तुडतुडे पडले की चिकटा पडतो आणि मग पानं काळी होतात, शेतकरी मंडळी लगेच ओळखतील, तसाच प्रकार. कीड रस शोषते, गोड चिकटा सोडते, त्यावर काळी बुरशी वाढते, सुयांना ऊन मिळत नाही, छत्री विरळ होत जाते, आणि कमजोर झालेल्या झाडाच्या सालीत मग भुंगेरे शिरतात आणि काम संपवतात.

ही कीड इकडची नाही, उत्तर अमेरिकेतली. २००५ मध्ये ती कॅरिबियन समुद्रातल्या टर्क्स अँड केकॉस बेटांवर सापडली आणि तिथली पाईनची जंगलं तिने अक्षरशः साफ केली. २०१५ च्या आसपास नेपल्सच्या बाजूला दिसली आणि २०१८ मध्ये रोममध्ये. थंड कॅनडात वर्षाला तिची एक पिढी होते, इटलीच्या उबेत तीन-तीन. सरकारने २०२१ मध्ये हुकूम काढून उपाय सक्तीचे केले. उपाय म्हणजे फवारणी नाही, एवढ्या उंच झाडावर वस्तीत फवारणार कसं, तर खोडाच्या बुडाशी बारीक भोकं पाडून औषध आत सोडायचं, झाडाचा रसच ते वर पोचवतो. सलाईन लावतात तसं. काम होतं त्याने, मी बघितलेत परत हिरवे झालेले पाईन. पण एकेक झाड, एकेक भोक, आणि काही काळाने पुन्हा. ज्या खासगी आवारांनी वेळेवर केलं नाही तिथली गेली. आमच्याच बिल्डिंगच्या आवारात चार होते, सोसायटीच्या मीटिंगमध्ये खर्च कोणी करायचा यावर वर्ष गेलं, आता दोन आहेत. पहिला पाडला त्या दिवशी मी घरीच होते. वरून दोरीने बांधून तुकड्या-तुकड्याने उतरवला, आणि दुपारी त्याच खिडकीतून एवढा उजेड आत आला की मी पडदा लावून घेतला.

आणि ही एकटीच नाही. १९९९ मध्ये उत्तर इटलीत अमेरिकेतूनच आलेला ढेकणाच्या जातीचा एक कीटक सापडला, तो कोवळ्या पिन्यांमधला रस शोषतो, त्यामुळे बिया पोकळ निघतात, पिनोली महागले त्याचं हे एक मोठं कारण. आणि रोमजवळच्या कास्तेलपोर्झियानोच्या बनात एक अमेरिकन बुरशी आहे, जी मुळं कुजवते, शास्त्रज्ञांचं म्हणणं की १९४४ मध्ये अमेरिकन सैन्याचा तिथे तळ होता तेव्हा लाकडी खोक्यांबरोबर ती आली. युद्ध संपलं, सैनिक घरी गेले, बुरशी अजून पसरतेय.

म्हणून माझी दुसरी विनंती, आणि ही जास्त महत्त्वाची आहे. ग्रुपमधल्या कोणालाही पिन्या, बिया, डहाळ्या बॅगेत भरून भारतात नेऊ देऊ नका. मावशीच्या ग्रुपमधल्याच एका काकूंनी हॉटेलच्या खोलीत मला कौतुकाने बॅग उघडून दाखवली, कॉटनच्या साडीत गुंडाळलेल्या पाच पिन्या, दिवाळीला सोनेरी रंग देऊन तोरणाला लावायच्या म्हणून. किती प्रेमाने निवडल्या होत्या, एकसारख्या आकाराच्या. मला सांगायला जड गेलं पण सांगितलं. की काकू, आपल्याकडे २००३ चा प्लांट क्वारंटाईनचा नियम आहे, परवाना आणि तपासणीशिवाय असं बी-बियाणं, झाडाचे भाग आणता येत नाहीत, आणि नियम उगीच नाहीये. हिमालयात आपला चीड आहे, देवदार आहे, किन्नौरचा चिलगोजा आहे जो आधीच अडचणीत आहे, कारण पैशासाठी जवळपास सगळे कोन उतरवले जातात आणि नवीन रोपं उगवायला बी उरतच नाही. त्यात एखादी कीड, एखादी बुरशी पिन्याच्या खवल्यात बसून गेली तर? रोमला हे सगळं कोणीतरी कधीतरी असंच नकळत सामानातून, मालातून आणलंय. काकूंनी एक शब्द न बोलता पाचही पिन्या माझ्या हातात दिल्या.

त्या मी माझ्या खिडकीत ठेवल्या. दुपारचं ऊन लागलं की टक्, टक् असा आवाज करत एकेक खवला उघडतो, घरात कोणी नसेल तर चांगला ऐकू येतो. प्रत्येक खवल्याखाली दोन बिया, आणि बियांवर काळपट पूड, बोटं अशी काळी होतात की साबणाने लगेच निघत नाहीत. दगडाने फोडून मावशीला खायला दिल्या. ती म्हणाली, ओल्या खोबऱ्यासारखं लागतंय, पण जरा राळेचा वास येतो. लोकांना हा अनुभव इथेच द्या ना. विला बोर्गेसेत नाहीतर आप्पिया रस्त्यावर खाली पडलेली पिन्या उचला, बी फोडा, चाखा, हात काळे करा आणि बाकी सगळं तिथेच टाकून या. घरी न्यायची हौस असेल तर दुकानातून पाकीटबंद, सोललेले, भाजलेले पिनोली घ्या.

तिसरी विनंती थोडा वेळ मागणारी आहे. विला बोर्गेसेत पियात्सा दी सिएना म्हणून घोडेस्वारीच्या स्पर्धांचं लंबगोल मैदान आहे, चारी बाजूंनी पाईन. वीस मिनिटं द्या तिथे. लोकांना गवतावर उताणं पडू द्या, पायाला आराम मिळेल आणि खालून वर बघितलं की कळतं त्या छत्र्या एकमेकींना चिकटत नाहीत, प्रत्येकीच्या कडेने आभाळाची एक बारीक फट राहते. ज्यांच्याकडे अर्धा दिवस मोकळा असेल त्यांनी वीया आप्पियाला जावं, २०२४ मध्ये तो रस्ता युनेस्कोच्या यादीत आलाय, आता ग्रुपला सांगायलाही सोपं.

तुम्ही म्हणाल टुरिस्टने झाड बघून झाडाला काय होणार. मला एक माणूस आठवतो. इंग्लंडचा सर जॉर्ज ब्यूमाँट, चित्रांचा शौकीन, तो रोमला आला होता तेव्हा मोंते मारियो टेकडीवरचा एक एकटा पाईन तोडणार आहेत असं त्याला कळलं. त्याने पदरचे पैसे भरले आणि झाड राहू द्या म्हणून सांगितलं. तो गेल्यावर दहा वर्षांनी, १८३७ मध्ये, त्याचा मित्र वर्ड्सवर्थ कवी रोमला आला, लांबूनच त्याला ते झाड दिसलं, कोणीतरी सांगितलं की हे तुमच्या मित्राने वाचवलंय, तर तो जाऊन त्या खोडाला हात लावून आला आणि त्यावर कविता केली. हे दोघेही तुमच्या-माझ्यासारखे परदेशी पाहुणेच होते. पाहुणे ज्याचा फोटो काढतात, ज्याबद्दल विचारतात, ते शहर सांभाळतं, हे रोममध्ये बारा वर्षं राहून मी बघितलंय. तेव्हा तुमच्या लोकल गाईडला ग्रुपसमोर मुद्दाम विचारा, पाईनवर उपचार चालू आहेत का, पाडलेल्यांच्या जागी नवीन कधी लावणार. शंभर ग्रुपनी विचारलं की तो गाईड त्याच्या संघटनेत बोलणारच.

आणि एखाद्या रस्त्यावर ओळीने बुंधेच दिसले, वर काही नाही, तर ग्रुपला "रस्ता रुंद करतायत" असं सांगू नका. किडीचं सांगा.

येत्या एप्रिलपासून तुमचा सीझन सुरू होईल. कोणाला ग्रुपसाठी ही माहिती एका कागदावर सुटसुटीत मराठीत हवी असेल तर मी लिहून देईन, पैशांचा प्रश्न नाही. शनिवारी-रविवारी मी बहुतेक मोकळी असते, पियात्सा दी सिएनाला स्वतः येऊन अर्धा तास बोलायलाही तयार आहे, भिंग घेऊन येते, मुलांना फार आवडतं. आणि नाशिकचे ते काका परत कोणाला भेटले तर त्यांना कृपया सांगा, कापत नाहीत, आपोआप होते ती छत्री.

तुमचीच,
रोममध्ये राहणारी एक पुणेकर